न भेटलेली मैत्रीण

२०२१ च्या जुलैतला चिपळूणचा पूर तुम्हाला आठवत असेल. २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं आणि बघता बघता तळमजले गिळून बसलं. पाणी ओसरल्यावर आम्ही बचत गटातल्या आठ-दहा जणी फावडी, घमेली, खराटे घेऊन घरोघरचा चिखल काढत फिरत होतो. पुराचा चिखल ज्याने काढला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. ओला असला की साबणासारखा निसरडा, वाळला की सिमेंट. आणि वास तर आठ-आठ दिवस नाकातून जात नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या घरी पोचलो. बाई म्हणजे माझ्या मुलीच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. २०१६ मध्ये निवृत्त झाल्या, पण अख्खी आळी अजून त्यांना बाईच म्हणते. घरात भिंतीवर माणसाच्या छातीइतकी पाण्याची रेघ उमटलेली. लाकडी कपाट फुगलं होतं, दार उघडेना. शेवटी पहार घातली. आत वह्याच वह्या! इतक्या वर्षांच्या टाचणवह्या, मुलांनी दिलेली पत्रं, शाळेची हस्तलिखितं, फोटोंचे अल्बम... सगळ्याचा मिळून एक लगदा झाला होता. मला रडू आलं. बाई मात्र पदर खोचून उभ्या. म्हणाल्या, “टाक गं घमेल्यात. माझं बरंचसं लिहिलेलं वर आहे.”

मला वाटलं माळ्यावर. मी माळ्याकडे बघितलं तशा बाई हसल्या. “अगं, ब्लॉगवर!”

त्या दिवशी चिखल उपसताना आणि मग पुढचे दोन-तीन महिने चहाच्या निमित्ताने बाईंनी मला जे जे सांगितलं, ते त्यांच्या परवानगीने इथे लिहिते आहे. परवानगीचं एवढं का सांगते, ते पुढे येईलच.

ज्यांना ब्लॉग म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यांनी हा एक परिच्छेद सोडून द्यावा. बाकीच्यांसाठी सांगते. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही. ‘वेबलॉग’ या शब्दाचं ते छोटं रूप. लॉग म्हणजे नोंदवही. पूर्वी इंटरनेटवर स्वतःचं पान करायचं तर संगणकाची भाषा यावी लागे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘ब्लॉगर’ नावाची सेवा निघाली आणि काम सोपं झालं. रिकाम्या चौकोनात मजकूर लिहायचा, बटण दाबायचं, झालं प्रसिद्ध! ती काढणाऱ्या चिमुकल्या कंपनीच्या संस्थापकांमध्ये मेग हुरिहान नावाची एक बाई होती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. २००३ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी वर्डप्रेस आलं. दोन्ही फुकट. लेखाच्या खाली वाचणाऱ्याने आपलं मत लिहायची जागा असते, तिला कमेंट म्हणतात. माझ्या मते ब्लॉगचा खरा जीव त्या खालच्या जागेत असतो, पण ते बाईंच्याच तोंडून ऐका.

बाईंनी ब्लॉग सुरू केला २००७ मध्ये. मुलगा इंजिनीअरिंगला पुण्याला गेला आणि त्याचा संगणक घरात नुसता पडून. “मी त्याला छान भरतकामाचं कव्हर शिवलं होतं,” बाई म्हणाल्या. आपण सगळ्यांनीच शिवलं होतं की! टीव्हीला, मिक्सरला, तसं संगणकाला. ते कव्हर काढून रोज रात्री साडेनऊला, ओटा आवरून झाला की बाई बसायच्या. फोनच्या तारेवरचं इंटरनेट. ते लागताना कर्कश्श आवाज करायचं आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. यजमान म्हणायचे, “कुणाचा महत्त्वाचा फोन आला म्हणजे?” बाई म्हणायच्या, “इतक्या वर्षांत रात्री साडेनऊनंतर कुणाचा आलाय?”

मराठी लिहिणं हेच तेव्हा मोठं दिव्य होतं. आजच्या मुलींना मोबाइलवर बोटाने मराठी लिहिताना बघून खरं वाटणार नाही. तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. आपण ‘नमस्कार’ लिहून पाठवावं आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की तिकडे नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची मिसळ. युनिकोड आल्यावर हा गोंधळ मिटला, कारण त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. पण त्या वेळच्या विंडोज एक्सपी संगणकावर त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन खुणा करायच्या, मग सीडी घालायची असा सोपस्कार होता. शेजारच्या सायबर कॅफेतल्या मुलाने तो करून दिला. मग इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचं. “मी मराठीची शिक्षिका,” बाई सांगतात, “आणि मला ‘ज्ञ’ काढायला तीन संध्याकाळी लागल्या. ज्ञानेश्वरांचं नाव लिहिता येईना! तेव्हा पहिलीतल्या पोरांची दया आली.”

पहिला लेख लिहिला तो पावसात भिजून वर्गात येणाऱ्या मुलांवर. ओल्या दप्तरांचा वास, बाकाखाली साठणारी थारोळी, छत्री मोडली म्हणून घरी मार खाणारा एक मुलगा. आठ दिवस कुणी चिटपाखरू फिरकलं नाही. नवव्या दिवशी खाली चार ओळी उमटल्या. कुणा बाईंनी बडोद्याहून लिहिलं होतं की, माझं माहेर कोकणातलं, आज मी पुन्हा त्या बाकावर जाऊन बसले, आणि छत्रीवाल्या मुलाचं पुढे काय झालं ते कृपया कळवावे.

‘कृपया कळवावे’! बाईंनी यजमानांना आंघोळीतून हाका मारून बोलावलं म्हणे.

त्या बडोद्याच्या ताई. बाई त्यांना ताईच म्हणायच्या, वयाने त्या आठेक वर्षांनी मोठ्या होत्या. बडोद्याला गायकवाडांच्या काळापासून मराठी घरं आहेत, तशाच एका घरात त्या सून म्हणून गेलेल्या. मराठीत मधेच गुजराती शब्द यायचे. लेख आला की लगेच लिहायच्या नाहीत. तीन-चार दिवस जायचे. आणि मग जे यायचं ते असं की वाचून बाईंना वाटायचं, आपल्याला हे सुचलं कसं नाही! एकदा बाईंनी लिहिलं की मुलं निबंधात खोटं लिहितात, कधी न बघितलेल्या समुद्रावरच्या सूर्योदयाचं वर्णन करतात. ताईंनी खाली विचारलं, “तुम्ही त्यांना स्वैपाकघरातली सकाळ लिहायला सांगून बघितलं का?” बाईंनी सांगितलं. नववीच्या वर्गात एका मुलाने लिहिलं की आमच्याकडे सकाळी चूल मी पेटवतो, कारण आई सहाच्या गाडीने जाते. तो निबंध बाईंनी वर्गात वाचून दाखवला.

आता तुम्ही म्हणाल, ही सोय तर व्हॉट्सअॅपवरही आहे. मीही तेच म्हटलं. बाईंचा स्वतःचा निवृत्त शिक्षकांचा ग्रुप आहे, शंभराच्या वर माणसं. त्यावर बाईंचं मत ऐकण्यासारखं आहे. “तिथे सकाळी फुलं येतात, दुपारी काढे येतात, रात्री राजकारण. मी काही लिहिलं तर वीस जण अंगठा दाखवतात. आपल्या लहानपणी अंगठा कोण लावायचं गं? ज्याला लिहिता येत नाही तो!” मग स्वतःच म्हणाल्या, “तसं तिथली माणसं वाईट नाहीत. पुराच्या वेळी त्याच ग्रुपवरून पाण्याच्या बाटल्या आल्या. पण ब्लॉगवर मला ऐकणारं माणूस मिळालं. ग्रुपवर आपण सगळे एकदम बोलतो.”

शिक्षकांनी या साधनांचा केवढा उपयोग करून घेतला हेही सांगायला हवं. २०१४-१५ नंतर आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी स्वतःचे ब्लॉग काढले आणि कविता, स्वाध्याय, परिपत्रकं सगळ्यांसाठी ठेवली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या देशोदेशीच्या बाकी शिक्षकांत वाटून टाकली. बाईंना त्यांचं फार कौतुक. “पण माझा ब्लॉग तसा उपयोगाचा नव्हता हो,” म्हणाल्या. “तो नुसता बोलायला होता.”

आणि बोलण्यातच माणूस घसरतो.

२००९ सालची गोष्ट. बाईंच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. घरी वडिलांचं पिणं, आई चार घरची धुणीभांडी करायची. एके दिवशी ती मुलगी मधल्या सुट्टीत डबा न खाता वर्गात बसलेली दिसली. बाईंनी विचारलं, तिने रडत रडत सगळं सांगितलं. त्या रात्री बाईंनी लेख लिहिला. नाव नाही, गाव नाही, इयत्तासुद्धा बदलली. लेख उत्तम उतरला. सत्तावीस कमेंट आल्या, एवढ्या त्याआधी कधीच नव्हत्या. परदेशातून कुणी मदतीचे पैसे पाठवतो म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं, तुमच्यासारख्या शिक्षिका हव्यात, वगैरे. बडोद्याच्या ताईंनीही ‘फार छान लिहिलंत’ असं लिहिलं. बाई हवेत.

पण गाव केवढं? मुलीच्या हातावरच्या भाजल्याच्या डागाचा उल्लेख लेखात होता. कुणीतरी सायबर कॅफेत वाचलं, कुणीतरी त्याची छापील प्रत काढली, आणि नवव्या दिवशी ती प्रत वर्गात फिरली.

“ती काही बोलली नाही,” बाई सांगत होत्या. “माझ्या तासाला खिडकीकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, बाई, तुम्हाला सांगितलं म्हणजे देवाजवळ सांगितलं असं पोरीला वाटलं होतं. तुम्ही जगाला सांगितलंत.”

बाईंनी त्याच रात्री लेख काढून टाकला. पण एकदा बाहेर पडलेला लेख असा निघतो होय? तो ई-मेलमधून पुढे गेला होता, कुणी आपल्या ब्लॉगवर चिकटवला होता, तोही बाईंचं नाव न घालता. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, हे ब्लॉग-बिग बंद करा. बाईंनी चार महिने काही लिहिलं नाही. मुलीची दोनदा माफी मागितली. तिने “असू दे बाई” म्हटलं. दहावी झाली, बारावी झाली, पुढे ती नर्स झाली. आता कधी बाजारात भेटली की “बाई, बऱ्या आहात ना?” एवढं विचारते आणि पुढे जाते. बाई मला म्हणाल्या, “मी तिला पुढे खूप शोधायचे गं. फेसबुकवर. सापडली. पण मैत्रीची विनंती पाठवायला हात होईना. कुठल्या तोंडाने पाठवू?”

म्हणून मी वर परवानगीचं लिहिलं. हा लेख छापायच्या आधी त्या मुलीलाही विचारलं आहे. डागाची जागा आणि आणखी दोन गोष्टी तिने बदलायला सांगितल्या, त्या बदलल्या आहेत. आम्ही समाजकार्य करणाऱ्या बायका तर याबाबतीत फारच बेफिकीर असतो हो. शिधा वाटतानाचे फोटो, शिवणयंत्र देतानाचे फोटो... घेणारीचा चेहरा आधी. पुरानंतर मीही असे फोटो टाकले होते. बाईंचं ऐकल्यावर घरी येऊन एकेक काढले.

चार महिन्यांनी बाईंना परत लिहितं केलं ते ताईंनीच. स्वतःवर लिहा, म्हणाल्या. आणि बाई स्वतःवर लिहू लागल्या: पाळी जाताना होणारी चिडचिड, सासूबाईंचं अंथरूण धरणं, शाळेतलं राजकारण (नावं न घेता), पन्नाशीत पहिल्यांदा एकटीने केलेला रेल्वेचा प्रवास.

बाईमाणूस स्वतःबद्दल मोकळेपणाने लिहायला लागलं की काही जणांना ते आमंत्रण वाटतं. २०१० मध्ये एक गृहस्थ कमेंट लिहायला लागले. आधी अदबीने. मग फोटो का लावत नाही? मग फोन नंबर. मग यजमान घरी कधी नसतात. बाईंनी उत्तर देणं बंद केलं तर वेगवेगळ्या नावांनी घाण लिहायला सुरुवात. भाषेवरून बाईंनी ओळखलं की माणूस एकच आहे. मराठीच्या बाई त्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या त्याच त्याच चुकांवरून पकडलं! पण करायचं काय? घरात सांगावं तर “तरी मी म्हणत होतो” ऐकावं लागणार. आठ दिवस झोप नाही. शेवटी पुण्याहून मुलाने फोनवर सांगितलं की कमेंट आधी आपल्याकडे यावी आणि आपण परवानगी दिली तरच ती दिसावी, अशी सोय सेटिंगमध्ये पहिल्यापासून आहे. नाव न सांगणाऱ्यांना दार बंद करायचीही आहे. बाई म्हणतात, “तीन वर्षं मी घराला कडीच नसल्यासारखी राहत होते. कडी होती, मला दिसली नव्हती.”

त्या काळी अशा माणसाविरुद्ध नेमकं कलमही नव्हतं. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत ‘पाठलाग’ हा गुन्हा म्हणून आला, आणि स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल वापरावर पाळत ठेवणं किंवा तिने नकार देऊनही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं त्यात धरलं गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हे कलम ७८. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. मात्र तक्रारीआधी त्या घाणेरड्या कमेंट पुसून टाकू नका. पुरावा आहे तो. बाईंनी संतापून सगळ्या पुसल्या होत्या. मी असते तर मीही तेच केलं असतं.

आता जरा गोड सांगते. २०१३ च्या जानेवारीत आमच्या चिपळूणला ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. बाईंनी ब्लॉगवर सहज लिहिलं, येणार असाल तर घरी चहाला या. यजमान म्हणाले, कोण येतंय! आले पाच जण. एक नागपूरच्या निवृत्त परिचारिका, एक कोल्हापूरचं जोडपं, एक कॉलेजातली मुलगी. आणि पाचवे म्हणजे, गेली चार वर्षं ‘रानजाई’ या नावाने कमेंट लिहिणारी जी कुणी हळव्या मनाची तरुणी असावी असा बाईंचा समज होता, ते निघाले मिशाळ, निवृत्त एस.टी. कंडक्टर! मोदकांचं पुरण हलवता हलवता बाईंना हसू आवरेना. त्या माणसाला खरंच कवितेची आवड होती, आणि पुरुषाच्या नावाने हळवं लिहायला लाज वाटत होती. फसवणूक म्हणाल तर फसवणूक. पण मागच्याच्या आणि या गृहस्थाच्या खोटेपणात फरक होता. यांनी नाव खोटं घेतलं होतं आणि मागितलं मात्र काहीच नव्हतं. यजमानांची आणि त्यांची तर अशी गट्टी जमली की रात्री दहापर्यंत घाटातल्या गाड्यांच्या गोष्टी.

ताई मात्र आल्या नाहीत. गुडघे दुखत होते. नागपूरच्या बाई व्हाया बडोदा आल्या, त्यांच्याबरोबर त्यांनी लीलो चेवडो पाठवला आणि चिठ्ठी, पुढल्या वर्षी नक्की. त्या दोघी फोनवर एकदाच बोलल्या. “आवाज ओळखीचा वाटेना,” बाई म्हणाल्या. “दोघी अवघडलो. मग ठरवलं, आपलं लिहिलेलंच बरं.”

पुढचं वर्ष आलं नाही. २०१६ च्या दिवाळीनंतर ताईंच्या कमेंट थांबल्या. एक लेख झाला, दुसरा झाला. फोन लावला तर क्रमांक अस्तित्वात नाही. पत्ता माहीत नव्हता. आडनावसुद्धा नक्की माहीत नव्हतं! नऊ वर्षांची मैत्री, आणि चौकशी कुठे करायची तर त्याच रिकाम्या चौकोनात. शेजारणीचं दार दोन दिवस उघडलं नाही तर आपण जाऊन कडी वाजवतो. इथे वाजवायची काय? बाईंनी ‘ताई, बऱ्या आहात ना’ एवढ्याच नावाचा लेख लिहिला. २०१७ च्या मार्चमध्ये त्याच्याखाली दोन ओळी आल्या. ताईंच्या सुनेने लिहिलं होतं की आई जानेवारीत गेल्या, तुमचं लिखाण त्या शेवटपर्यंत वाचत होत्या.

बाईंनी त्या दिवशी घरात सांगितलं नाही. काय सांगणार? सुतक नाही, भेटायला जायला घर नाही. “आमची एक मैत्रीण गेली म्हटलं तर विचारणार कोण, कुठली, किती वेळा भेटलात?” यजमानांना चार दिवसांनी सांगितलं. ते म्हणाले, “त्या चिवड्याच्या ताई?” आणि गप्प बसले. मग स्वतःहून चहा करून आणला. त्याआधी कधी केला नव्हता.

पण गोष्ट तिथे संपत नाही, कारण ही साधनं आपल्या मालकीची नसतात. २०१३ मध्ये बाईंनी कमेंटची नवी सोय घेतली होती. ती कंपनीच्या एका समाजमाध्यमाला जोडलेली होती, फोटोबिटो दिसायचे, बरं वाटायचं. २०१९ मध्ये ते समाजमाध्यम बंद झालं आणि त्याच्यामार्फत आलेल्या सगळ्या कमेंट गेल्या. सूचना आली होती, इंग्रजीत, बाईंनी ती वाचली नाही. आपण वाचतो का? तीन वर्षांतलं ताईंचं सगळं बोलणं आणि सुनेच्या त्या दोन ओळी, एका सकाळी काही नाही. २००७ ते २०१३ मधल्या जुन्या कमेंट तेवढ्या प्रत्येक वेळी ई-मेलनेही यायच्या, म्हणून राहिल्या. पुढे पेटी भरते म्हणून बाईंनी स्वतःच ते ई-मेल बंद केले होते.

असं पूर्वीही झालं होतं. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं, त्यावरची लोकांची पानंच्या पानं गेली. आपल्या मुलामुलींचं लाडकं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. म्हणून, ज्या कुणी लिहीत असाल, ब्लॉगवर किंवा आणखी कुठे, त्यांनी वर्षातून एकदा तरी सेटिंगमध्ये जाऊन सगळ्याची प्रत आपल्याकडे उतरवून घ्या. पापड-लोणच्याच्या दिवसांत घ्या, म्हणजे लक्षात राहील. आणि मनाला फार लागलेलं जे असेल ते कागदावरही ठेवा. कागद पुरात जातो हे मला चिपळूणच्या बाईला कुणी सांगायला नको. १८६४ साली सुरू झालेलं आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, त्यातली हजारो पुस्तकं २०२१ च्या पाण्याने नेली. तरीही सांगते.

पुरानंतर महिन्याभराने, मोबाइलवरच, बाईंनी ब्लॉगवर चिखलाबद्दल लिहिलं. जवळजवळ वर्षभराने लिहिलेला लेख. कंडक्टरसाहेबांचा लगेच फोन, मी येतो चिखल काढायला. वय वर्षं पंचाहत्तर! नागपूरहून दोन साड्या आणि औषधांची पेटी. आणि एक ई-मेल बडोद्याहून. ताईंची सून. पत्ता कळवा, आईंचं काही तुमच्याकडे पाठवायचं आहे.

दिवाळीच्या आधी पाकीट आलं, तेव्हा मी तिथेच होते. आत एक निळी फाइल. ताईंना पडद्यावर फार वेळ वाचवत नसे, म्हणून त्यांचा मुलगा ऑफिसातून बाईंचे लेख छापून आणायचा. सगळे नव्हते, साठ-सत्तर असतील. समासात पेन्सिलीने ताईंचं अक्षर. बाईंनी ते अक्षर आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं, पहिल्यांदा चिवड्याबरोबरच्या चिठ्ठीत. कुठे ‘खरं आहे’, कुठे शब्दाखाली रेघ, एका पानामागे गाजराच्या लोणच्याचं प्रमाण. कमेंट लिहायच्या आधीचं कच्चं टिपणच ते. तीन-चार दिवस कुठे जायचे ते कळलं.

मधेच बाई थांबल्या. त्या मुलीवरचा लेख. बाईंनी नवव्या दिवशी पुसलेला, पण ताईंच्या मुलाने त्याआधीच छापून आणलेला. समासात लिहिलं होतं, “हे लिहायला नको होतं. पोरीला काय वाटेल? बाईंना कळवावं का?” आणि ‘कळवावं का’ वर काट मारलेली.

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं.

“मला ‘फार छान लिहिलंत’ म्हणाल्या होत्या गं,” त्या म्हणाल्या.

मी काय बोलणार? चहा निवत चालला होता. बाईंनी ते एक पान फाइलमधून काढून वेगळं ठेवलं, आणि बाकीचे लेख उन्हात वाळवल्यासारखे एकेक करून टेबलावर मांडत राहिल्या.